लिमयेबाईंचा भोंगा

आमच्या मजल्यावर आता चोर आला तर त्याला कोणी हटकणार नाही. समोरचा फ्लॅट बंद असतो, आणि आमच्या दाराच्या कुलपाबद्दल काय बोलावं? ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच लिमयेबाई म्हणाल्या होत्या, "दामले, हे चोरासाठी नाही, वाऱ्यासाठी आहे." मी ते हौसेनं, चांगल्या दुकानातून आणलं होतं. पण बाईंना खोटं बोलता येत नसे, आणि खरं बोलल्यावर समोरच्याचं तोंड कसं झालंय हे पाहायची त्यांना सवय नव्हती. मागच्या थंडीत त्या वारल्या. तेव्हापासून माझा इतका नेमका अपमान कोणी केलेला नाही, आणि मला ते रोज जाणवतं.

आम्ही धायरीत राहायला आलो तेव्हा आजूबाजूला शेतं होती आणि रिक्षावाले इकडे यायला नाही म्हणायचे. शेतं गेली, रिक्षावाले अजून नाही म्हणतात. आमचं आणि लिमयांचं दार समोरासमोर. मी घरी बसून भाषांतरं करतो, तीही कथा-कादंबऱ्यांची नव्हे, मिक्सर आणि कपडे धुण्याच्या यंत्रांबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिकांची. हे कळल्यावर बाई म्हणाल्या होत्या, "म्हणजे त्या तुम्ही लिहिता! मला वाटायचं, आपोआप होतात."

त्या स्वतः शहरातल्या एका सहकारी बँकेत लॉकर विभागात होत्या. बढती मिळून दुसरीकडे जायची वेळ आली तेव्हा त्यांनी बढती नाकारली, कारण तळघरातली ती गार, शांत खोली त्यांना आवडायची. लॉकर उघडायला दोन चाव्या लागतात, एक बँकेची आणि एक गिऱ्हाइकाची, हे सगळ्यांनाच माहीत असतं. बाईंनी त्याचं तत्त्वज्ञान केलं होतं. एका चावीनं उघडतं ते कुलूप नव्हे, झाकण, असं त्या म्हणायच्या. आपली चावी लावून झाली की त्या गिऱ्हाइकाकडे पाठ करून उभ्या राहत. "इतकी वर्षं काढली, लोकांचं सोनं कधी पाहिलं नाही. रडणं मात्र पुष्कळ ऐकलं," असं एकदा सहज बोलून गेल्या होत्या.

ठेंगणी मूर्ती, सुती साडी, चष्म्याला काळी दोरी. घराच्या चाव्या त्या मुलाच्या शाळेतल्या जुन्या कंपासपेटीत ठेवायच्या आणि ती पेटी पिशवीत खुळखुळायची, त्यामुळे त्या जिन्यात आहेत हे मला टेबलावरून न उठता कळायचं. दार लावलं की लॅचचं कुलूप ओढून पाहायचं आणि "हं" म्हणायचं. अर्धा जिना उतरून परत यायचं, पुन्हा ओढायचं, पुन्हा "हं". यजमान होते तोवर ते खाली स्कूटर चालू करून थांबलेले असत. "तुमचं कुलूप तुमच्यावर रागावेल एक दिवस," असं ते म्हणायचे. ते अचानक गेले, आणि नंतर बाईंचं ते ओढून पाहणं वाढलं.

मुलाचं नाव मंदार. बुद्धीनं आईवर गेलेला आणि बोलण्यातही. लहानपणी आमच्या घरी येऊन मला विचारायचा, "काका, आज कुठलं यंत्र बिघडवलंत?" चांगला शिकला, कंपनीत लागला. वडील गेल्यावर कधीतरी त्याला मोबाइलवर पैसे लावायच्या खेळाचा नाद लागला. आधी नोकरी गेली, मग ठरलेलं लग्न मोडलं, मग घरातल्या वस्तू जायला लागल्या. चांदीची भांडी गेली, वडिलांचा कॅमेरा गेला. एकदा भरलेला गॅसचा सिलिंडर गेला, तो दिवस मला आठवतो, कारण बाई आमच्याकडे चहाला आल्या आणि चहा पिऊन झाल्यावर शांतपणे म्हणाल्या, "आज स्वयंपाक नाही. सिलिंडर बाहेरगावी गेलाय." डॉक्टर झाले, समुपदेशन झालं, शपथा झाल्या. शेवटी एका सकाळी बाईंनी त्याला घराबाहेर काढलं आणि कुलूप बदललं. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, मांजरी गावात, कोणाच्या तरी चाळीत खोली घेऊन राहायला लागला.

कुलूप बदलूनही वस्तू जातच राहिल्या. बाई मंडईत किंवा दवाखान्यात गेल्या की तो येऊन जायचा. आमच्या जिन्याच्या खिडकीतून त्यांच्या स्वयंपाकघराच्या बाल्कनीत पाऊल टाकता येतं. मध्ये पाय ठेवायला रुंद पडदी आहे, धरायला पाइप आहे. मंदार शाळेत असताना वाऱ्यानं दार लागलं आणि चावी आत राहिली की बाई स्वतः त्याला तिकडून आत पाठवायच्या. मी पाहिलंय ते. त्या जिन्यात उभ्या राहून "डावा पाय आधी, खाली बघू नकोस" असं सांगायच्या, आणि त्यानं आतून दार उघडलं की त्याच्या पाठीवर थाप मारायच्या. "त्याला ह्या घरात शिरायला मीच शिकवलं, दामले," असं त्या मला म्हणाल्या.

हे त्यांनी मला सांगितलं तेही मोजून मापून. एक दिवस बेल वाजवून उभ्या राहिल्या. "मी घरी भोंगा बसवणार आहे. येणारा घरचाच आहे. तुम्हाला माहीत असलेलं बरं." त्या चोर हा शब्द कधीच वापरायच्या नाहीत. शेवटपर्यंत तो "येणारा" होता.

भोंगा म्हणजे बिनतारी अलार्म. एक मुख्य डबा, दारंखिडक्यांना लावायचे छोटे सेन्सर, आणि वाजायला एक भोंगा. बाईंनी मुख्य डब्याचं नाव हेड ऑफिस ठेवलं आणि सेन्सरांचं नाव शाखा. तार दिसली की कापता येते, म्हणून बिनतारी. बसवायला कंपनीचा माणूस येत होता, तो त्यांनी नाकारला. मग स्टूल धरायला कोण? "तुम्ही दिवसभर घरीच असता," त्या म्हणाल्या. मी कामात असतो, असं मी सांगून पाहिलं. "तेच म्हणतेय मी," त्या म्हणाल्या.

बरोबर आलेली पुस्तिका त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली होती. माझ्या आयुष्यात पुस्तिका वाचणारा माणूस मी प्रथमच पाहत होतो आणि मला भरून आलं. त्यात सेन्सर चिकटपट्टीनं लावा असं लिहिलं होतं. ते बाईंना पटलं नाही. चिकटपट्टी ही विनंती असते, बंदोबस्त नव्हे, असं म्हणून त्यांनी स्क्रू आणवले. प्रत्येक सेन्सर लावून झाला की उलथन्यानं तो उचकटून पाहायचा. भिंतीवरून सुटला किंवा झाकण उघडलं तरी भोंगा वाजला पाहिजे. वाजला की "हं". नीलानं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्या आठवड्यात कानात कापूस घालून स्वयंपाक केला.

मुख्य डबा कुठे ठेवायचा ह्यावर मात्र त्या अडल्या. लोक तो टीव्हीपाशी, वायफायच्या शेजारी ठेवतात. घरात शिरलेला माणूस पहिल्यांदा तिकडेच जाऊन तो उपटतो. शिवाय ते वायफाय मंदारनंच बसवलं होतं. म्हणून डब्याला स्वतःची बॅटरी आणि स्वतःचं सिमकार्ड असलेला प्रकार त्यांनी निवडला होता, म्हणजे खालून वीज बंद केली आणि वायफाय काढलं तरी डबा बोलत राहील. पण डबाच सापडला तर?

"तुम्ही इथे उभे राहा," त्या मला म्हणाल्या. "आता मी मंदार आहे."

आणि त्या बाल्कनीत गेल्या आणि तिथून घरात आल्या. सत्तरीच्या जवळ आलेल्या त्या बाई खांदे थोडे पाडून, चपला न वाजवता चालायला लागल्या आणि मला खरंच मंदार दिसला. त्यांनी आधी फ्रीज उघडला, पाण्याची बाटली काढली, तोंडाला न लावता वरून दोन घोट घेतले. बाटली ओट्यावर तशीच ठेवली, झाकण न लावता. मग टीव्हीमागे हात घालून पाहिला. कपाटाकडे गेल्या. वडिलांच्या फोटोसमोरून जाताना मान वळवली. देवघरापाशी येऊन थांबल्या आणि तिथून मागे फिरल्या.

"इथे," त्या आपल्या आवाजात म्हणाल्या. "देवाकडे तो बघत नाही. लाजतो."

मुख्य डबा देव्हाऱ्याच्या मागे भिंतीवर गेला. ओट्यावरची ती उघडी बाटली त्यांनी बराच वेळ आवरली नाही.

मग आला गुप्त आकडा. भोंगा बंद करायला चार आकडे लागतात. कारखान्यातून आलेले चार आकडे तसेच ठेवणारे लोक बाईंच्या मते दार उघडं टाकून वर पाटी लावणाऱ्यांपैकी. त्या आकडे दाबायची छोटी पाटी समोर घेऊन बसल्या आणि बसूनच राहिल्या. स्वतःचा जन्म, यजमानांचा जन्म, लग्नाचं वर्ष, जुन्या फोनचा नंबर, बँकेतला नोकरीचा क्रमांक, सगळं मंदारला पाठ. लहानपणी झोपताना त्याला गोष्टींऐवजी आकडे पाठ करायला आवडायचं.

"माझ्या डोक्यात त्याला माहीत नसलेला एकही आकडा नाही," त्या म्हणाल्या. "तुमचा एखादा द्या, दामले."

मी माझ्या पहिल्या स्कूटरचा नंबर दिला. ती स्कूटर मी लग्नाआधीच विकली होती. बाईंनी तो पाठ केला, आणि नंतर कधी जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "तुमची स्कूटर बरी आहे ना?" आपल्या घरात शिरण्यासाठी त्यांना रोज परक्या माणसाची स्कूटर आठवावी लागत होती. ह्यात विनोद आहे हे त्यांना कळत होतं आणि तो त्या मला करू द्यायच्या नाहीत, स्वतःच करायच्या.

भोंगे खरं तर दोन होते. दाराबाहेर, उंचावर, लाल दिवा लुकलुकणारा एक मोठा पेटारा लावला, तो आतून रिकामा. खरा भोंगा दिवाणखान्यात माळ्याच्या खाली टांगलेल्या परड्यांच्या मागे. येणारा आधी बाहेरच्याचा बंदोबस्त करील आणि निर्धास्त होईल. हे मला सांगताना बाईंच्या डोळ्यांत बुद्धिबळ खेळणाऱ्याची चमक होती, आणि लगेच ती विझलीही, कारण पटाच्या पलीकडे कोण बसलंय हे त्यांना ठाऊक होतं.

एक गोष्ट मला कळेना. इतकं सगळं करण्यापेक्षा बाल्कनीला लोखंडी जाळी बसवली असती तर प्रश्नच मिटला असता. मी तसं म्हटलं. जाळीवाल्याचा नंबरही काढून दिला. बाईंनी तो कागद घडी करून मला परत केला.

"जाळी बसवली तर तो तिकडून येणार नाही, हे खरं. मग तो पुढच्या गॅलरीतून प्रयत्न करील. तिथे धरायला काही नाही. तिसरा मजला आहे, दामले. हा रस्ता त्याच्या पायाखालचा आहे. तो इथूनच येऊ दे."

सगळ्या घराचा बंदोबस्त करून त्यांनी एक वाट मोकळी ठेवली होती, ती त्याला पडू न देण्यासाठी. त्या वाटेच्या टोकाला मात्र सगळ्यात चांगला सेन्सर लावला. घरात काही गडबड झाली तर फोन कोणाला जावा, ह्यासाठी तीन जागा होत्या. पहिल्या जागी त्यांचा नंबर, दुसऱ्या जागी माझा. तिसऱ्या जागेत पोलीस चौकीचा घाला असं पुस्तिकेत सुचवलं होतं. ती त्यांनी कोरी ठेवली. त्यांना मुलगा घरात नको होता आणि तुरुंगातही नको होता, आणि ह्या दोन्हींच्या मध्ये जेवढी जागा उरते तेवढ्यात त्या तो भोंगा बसवत होत्या.

सेन्सर दर थोड्या वेळानं मुख्य डब्याला आपण जागेवर असल्याचं कळवतात. कोणी त्यांचा आवाज दाबला, ते गप्प झाले, तर डबा लगेच ओरडतो. बाईंना हे फार आवडलं होतं. "गप्प बसला की काळजी करायची, एवढी अक्कल ह्या डब्याला आहे," त्या म्हणायच्या. मंदारचा फोन त्या वेळी आठवड्यातून कधीतरी यायचा. तो काही मागायचा, त्या नाही म्हणायच्या, आणि दोघंही फोन ठेवायला वेळ लावायचे.

बरेच महिने काही झालं नाही. मग एका सकाळी, बाई मंडईत गेल्या असताना, माझा फोन थरथरला. त्यावर आलं होतं, "स्वयंपाकघर, बाल्कनी." मी ते वाचून पूर्ण करेपर्यंत भोंगा सुरू झाला.

नंतर कळलं ते असं. त्यानं खाली मीटरपेटीत त्यांच्या घराची वीज बंद केली. वर येऊन बाहेरच्या पेटाऱ्यात ओलं फडकं कोंबलं, वरून चिकटपट्टी गुंडाळली. मग जिन्याच्या खिडकीतून, डावा पाय आधी टाकून, बाल्कनीत गेला. दार उघडलं आणि घरभर तो आवाज फुटला. त्याला वाटलं असेल, बाहेरचा तर मी गप्प केलाय, मग हा कुठून? तो घाबरून पुढचं दार आतून उघडून बाहेर पळाला, तो थेट वॉचमनच्या आणि वरच्या मजल्यावरच्या दोन भाडेकरू मुलांच्या हातात. ती मुलं कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीतली, नवीन आलेली. त्यांनी मंदारला कधी पाहिलेलं नव्हतं. मी दार उघडून ओरडत होतो की सोडा, ओळखीचा आहे, पण त्या आवाजात माझंच मला ऐकू येत नव्हतं. एकानं तोवर त्याच्या थोबाडीत मारलीही होती.

तेवढ्यात जिन्यातून बाई वर आल्या. हातात भाजीची पिशवी. त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि कोणाशी न बोलता आत गेल्या. भोंगा थांबला. अशा वेळीसुद्धा त्यांना माझी स्कूटर आठवली होती. मग त्या बाहेर आल्या.

वॉचमननं विचारलं, "बाई, ह्यो वळखीचा हाय का तुमच्या?"

बाई मंदारकडे पाहत होत्या. तो वाळला होता. शर्टाची बाही फाटली होती, ती आत्ता फाटली की आधीचीच होती, सांगता येत नव्हतं. मला वाटलं त्या नाही म्हणतील. दुसऱ्या क्षणी वाटलं की त्या कोसळतील.

"माझा मुलगा आहे," त्या म्हणाल्या. "त्याला ह्या घरात यायला मी मनाई केलीय. तुमची काही चूक नाही. सोडा त्याला."

वरच्या मुलांनी हात काढले. एक जण "सॉरी काकू, आम्हाला आयडिया नव्हती" असं पुटपुटला. मंदारनं गालाला हात लावला, बाहेरच्या पेटाऱ्याकडे मान वर करून पाहिलं आणि मग आईकडे पाहिलं.

"बाहेरचा खोटा होता ना?"

"हो."

"आणि आतला माळ्याखाली."

"हो."

"मला कळायला हवं होतं," तो म्हणाला, आणि त्याच्या ओठांवर जे आलं ते हसूच होतं. लहानपणी खेळात हरल्यावर तो तसा हसायचा. बाईंचाही चेहरा क्षणभर तसाच झाला. आम्ही चार माणसं तिथे उभी होतो आणि त्या दोघांच्या बोलण्यात आमचा काही संबंध नव्हता. मग बाई म्हणाल्या, "जा आता." तो चपला शोधायला लागला. एक बाल्कनीत राहिली होती. ती बाईंनी आत जाऊन आणली आणि त्याच्या पायाशी ठेवली. तो जिना उतरून गेला.

मी त्यांच्या मागे आत गेलो. त्यांनी मेथी निवडायला घेतली. अर्धी जुडी झाल्यावर म्हणाल्या, "सगळं ठरल्याप्रमाणे झालं, दामले. एकही शाखा चुकली नाही." त्या रडल्या नाहीत. मी घरी येऊन रडलो.

पुढचे काही दिवस बाईंचं कौतुक चाललं होतं. मला ते ऐकवत नव्हतं, पण लोक मनापासून करत होते. आमच्या सेक्रेटरींनी तर सोसायटीच्या सभेत त्यांना सगळ्यांना माहिती द्यायची विनंती केली. मला वाटलं त्या नकार देतील. पण त्या आल्या, उभ्या राहिल्या आणि नवीन कारकुनांना शिकवावं तशा बोलल्या. आकडा बदला. डबा टीव्हीपाशी ठेवू नका. बॅटऱ्या संपायच्या आधी बदला, संपल्यावर नव्हे. मागच्या रांगेतल्या एका नवीन सभासदानं विचारलं की बाई, येणाऱ्याला घराची सगळी माहिती असेल तर काय करायचं? त्याला बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं. बाकीच्यांनी माना खाली घातल्या.

"मग भोंगा त्याला ओळखणाऱ्या माणसानं बसवावा," बाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

त्या दिवसानंतर मंदारचा फोन आला नाही. बाईंनी लावला तर बंद लागायचा. तो आला नाही, चोरी करायलाही आला नाही. दोन महिन्यांनी बाई मला म्हणाल्या की मला मांजरीला जायचंय, आणि मी बरोबर गेलो. बस बदलत, उसाच्या शेतांच्या कडेनं नवीन उठलेल्या इमारती पाहत आम्ही ती चाळ शोधली. खोलीला कुलूप होतं. मालक भला माणूस होता. मुलगा खोली सोडून गेला, कुठे ते सांगितलं नाही, असं तो म्हणाला. "आत काय नव्हतं, पर जाताना कुलूप वडून वडून बघत हुता." बाईंनी मान हलवली. येताना बसमध्ये त्यांनी खिडकीकडे तोंड केलं आणि धायरीपर्यंत ते वळवलं नाही. मी त्यांच्याकडे पाठ करता येईल तेवढी करून बसलो.

मग त्या खचत गेल्या. जेवण कमी झालं, जिना चढताना मध्ये थांबायला लागल्या. बोलणं मात्र तसंच होतं. डॉक्टरांनी मन प्रसन्न ठेवा असं सांगितलं तेव्हा "ते कुठल्या दुकानात मिळतं, लिहून द्या" म्हणाल्या. दवाखान्यात त्या थोडेच दिवस होत्या. मंदारला कळवायला आम्ही सगळीकडे विचारलं, नीलानं त्याच्या जुन्या मित्रांना फोन केले. मी सकाळी धायरी फाट्यावरच्या बसथांब्यावर उभा राहून पाहिलं. पत्ता लागला नाही. शेवटचं सगळं बाईंच्या भाच्यानं केलं. तो फ्लॅटचं पुढे काय करायचं हे ठरवेपर्यंत चाव्या माझ्याकडे देऊन गेला.

पण बाई म्हटलं की मला दवाखान्यातल्या बाई आठवत नाहीत. त्याच्या महिनाभर आधीचा एक रविवार आठवतो. सकाळची वेळ होती, आम्ही पोहे खात होतो आणि समोर भोंगा सुरू झाला. मी हातातली ताटली टाकून धावलो. दार सताड उघडं होतं. बाई दिवाणखान्यात, भोंग्याच्या अगदी खाली, हाताची घडी घालून उभ्या होत्या. मला पाहून त्यांनी हातानंच सांगितलं की काही नाही, तपासणी चाललीय. तपासणी पुस्तिकेत लिहिलेली आहे, पण ती क्षणभराची. वाजवायचा आणि थांबवायचा. हा थांबत नव्हता. जिन्यात दारं उघडायला लागली. वरचा तो मुलगा खाली आला आणि कानांवर हात धरून "काकू, एव्हरीथिंग ओके?" असं ओरडून विचारून गेला. मी भोंगा बंद करायला आकड्यांच्या पाटीकडे वळलो. आकडा माझाच होता. बाईंनी माझा हात धरला.

त्यांनी मला खाली वाकायला लावलं आणि माझ्या कानापाशी तोंड आणलं.

"दामले, हा कुठवर ऐकू जातो हो?"

मी म्हणालो, डब्यावर लिहिलंय ना.

"ते मोकळ्या मैदानातलं असतं. इथून फाट्यापर्यंत जाईल का? काल तिथे, बसथांब्यावर, तो उभा होता म्हणे. आपल्या वॉचमननं पाहिला. रोज सकाळी असतो म्हणे. त्याला हा आवाज ओळखू येईल."

इथून फाटा केवढा लांब आहे, मध्ये किती इमारती आहेत, किती गाड्या, हे त्यांना माझ्याहून चांगलं माहीत होतं. मी खोटं बोलू का, असा विचार माझ्या मनात आला. पण त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, उत्तराची वाट पाहत, आणि मला त्यांच्यासारखं बोलता येईना.

"खिडक्या उघडल्या तर जाईल," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि रस्त्याकडची पहिली खिडकी उघडली. मग दुसरी. झोपायच्या खोलीतल्या त्या उघडत होत्या तेव्हा मी स्वयंपाकघराकडच्या उघडायला गेलो.